स्मरण आणि थरार : पेणच्या मातीतून घरच्या वाचनमंडळाकडे

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक हे लहानसे गाव आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी तेथील भावे यांच्या घरी एके दिवशी देवपूजा चालू होती. पूजेला बसलेले शंभूराव भावे घरातील वडीलधारे. पूजा सुरू असतानाच देवाच्या मूर्तीवर एक विंचू चढून बसला. घरात एकच गलका झाला. मारा, मारा असे जो तो म्हणू लागला. शंभूरावांनी मात्र सर्वांना अडविले. विंचू देवाच्या आश्रयाला आला आहे, त्याला कोणीही हात लावावयाचा नाही, असे सांगून त्यांनी पूजा पुढे चालविली. गंध झाले, फुले झाली. विंचू जागचा हलला नाही. पूजा आटोपल्यावर तो आपल्या वाटेने निघून गेला.

हे दृश्य श्वास रोखून पाहणारा नातू विनायक पुढे आचार्य विनोबा भावे म्हणून देशाला परिचित झाला. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी याच गागोद्यात झाला आणि वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते वडिलांकडे बडोद्यास गेले. त्यांनी आत्मचरित्र म्हणून ग्रंथ लिहिला नाही. परंतु वेळोवेळी बोलताना सांगितलेल्या आठवणी त्यांच्या निकटवर्तीय कालिंदीताई यांनी संकलित केल्या आणि ‘अहिंसा की तलाश’ हे हिंदी पुस्तक सिद्ध झाले. विंचवाची हकीकत त्या आठवणींतीलच.

या छोट्या हकीकतीत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक स्मरण आणि दुसरा थरार. विंचू डंख मारील काय, हा प्रश्न ऐकणाऱ्याला शेवटच्या वाक्यापर्यंत सोडत नाही; आणि कथा संपल्यावर मनात उरतो तो भीतीवर विजय मिळविणाऱ्या एका वृद्धाचा संयम. चातुर्मासात किंवा सुट्टीच्या दिवसांत चार कुटुंबे एकत्र येऊन वाचनमंडळ चालवितात तेव्हा पुस्तके निवडताना बहुधा याच दोन शब्दांवरून मतभेद होतात. ज्येष्ठ मंडळी चरित्रे आणि आठवणींची शिफारस करतात. तरुण मंडळींना रहस्यकथा हव्या असतात. एका बाजूस वाटते की रहस्यकथा म्हणजे वेळेचा अपव्यय. दुसऱ्या बाजूस वाटते की आठवणी म्हणजे उपदेशाचा कंटाळवाणा पाठ. हा वाद मिटविणारे एक पुस्तक याच पेण तालुक्याने मराठीला दिले आहे, ही बाब पुष्कळांच्या ध्यानात नसते.

ते पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. गोडसे हे पेण तालुक्यातील वरसई गावचे भिक्षुक. घरावर कर्ज झालेले आणि मिळकत तुटपुंजी. अशा वेळी बातमी आली की बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून विद्वान ब्राह्मणांना भरघोस दक्षिणा मिळणार आहे. कर्ज फिटावे या हेतूने विष्णुभट आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले. ते वर्ष होते १८५७.

मार्गातच बंडाच्या वार्ता कानी येऊ लागल्या. मागे फिरावे की पुढे जावे, याचा निर्णय दर मुक्कामावर नव्याने करावा लागला. दक्षिणा मिळे, कमरेला बांधली जाई आणि वाटेत लुटली जाई. फिरत फिरत काका-पुतणे झाशीस पोहोचले आणि राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयास राहिले. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोझ याच्या फौजेने झाशीला वेढा घातला. एप्रिलच्या आरंभी शहर पडले. त्यानंतरची कत्तल आणि लूट विष्णुभटांनी लपून राहून, जीव मुठीत धरून पाहिली. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा विध्वंस झाला, याचेही दुःख त्यांनी नोंदविले आहे. ज्या समाजाने शतकानुशतके ग्रंथभांडारे जिवापाड सांभाळली, त्या समाजातील वाचकाला ती नोंद विशेष बोचल्याशिवाय राहत नाही.

झाशीहून निसटल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी विष्णुभटांना अकस्मात राणी भेटली. ती तहानेने व्याकूळ झालेली होती. विष्णुभट पाणी शेंदून देण्यास पुढे झाले. परंतु विद्वान ब्राह्मणाकडून असे काम करून घेणे उचित नव्हे, असे म्हणून तिने ते नाकारले आणि स्वतःच पाणी काढण्यास सरसावली. राज्य गेले होते, शत्रू पाठलागावर होता, आणि तशा स्थितीतही तिला समोरच्याच्या मानाचा विसर पडला नाही. कोणत्याही कल्पित रहस्यकथेत याहून अधिक उत्कंठेचा आणि याहून अधिक शालीन प्रसंग सापडणे कठीण आहे.

अखेरीस विष्णुभट वरसईला परतले ते गंगाजलाची कावड घेऊन. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर हा प्रवास पूर्ण तोट्याचा होता. कर्ज फेडण्यासाठी निघालेला मनुष्य दोन वर्षांहून अधिक काळ जिवावर उदार होऊन फिरला, मिळविले ते बहुतेक गमावून बसला आणि घरी आणले ते पाणी. तथापि पुस्तक वाचून खाली ठेवताना हा प्रवास तोट्यात गेला असे म्हणण्यास वाचकाची जीभ धजत नाही. व्यापारी घरातील वाचनमंडळात या एका प्रश्नावर संपूर्ण बैठक रंगू शकते.

हे पुस्तक जन्मास कसे आले, तेही जाणून घेण्याजोगे आहे. प्रवासानंतर सुमारे पंचवीस वर्षे या आठवणी केवळ तोंडी होत्या. चिंतामणराव वैद्य यांनी त्या ऐकल्या आणि लिहून काढण्याचा आग्रह धरला. त्यामुळे १८८३ मध्ये विष्णुभटांनी मोडी लिपीत त्या लिहिल्या. वैद्यांनी काटछाट आणि फेरफार करून १९०७ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले आणि दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ संहिता छापून उजेडात आणली. आज बाजारात दोन्ही परंपरांच्या आवृत्त्या आढळतात. मंडळाने घ्यावी ती मूळ संहितेवरची. ज्या घरांत मराठीपेक्षा हिंदीचे वाचन अधिक, त्यांच्यासाठी अमृतलाल नागर यांनी केलेला ‘आँखों देखा गदर’ हा अनुवाद आहे.

आता तरुणांच्या आवडीकडे वळावे. रहस्यकथांना कमी लेखण्याची प्रथा मराठीत जुनी आहे. बाबूराव अर्नाळकर यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळा पहाड आणि धनंजय हे नायक एकेकाळी शहरांतील वाचनालयांतून हातोहात फिरत असत. पुढच्या पिढीत सुहास शिरवळकर यांनी तरुण वाचकाला बांधून ठेवले आणि नारायण धारप यांनी भयकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली. अनेकांना वाचनाची पहिली गोडी लागली ती अशाच पुस्तकांनी. पान उलटण्याची ओढ एकदा निर्माण झाली की तीच ओढ वाचकाला पुढे जड ग्रंथांकडे नेऊ शकते. शिवाय रहस्यकथा वाचकाला एक शिस्त लावते. कोणावर एकदम विश्वास ठेवू नये, पुरावा तपासावा, सांगितलेल्या गोष्टीइतकेच न सांगितलेल्या गोष्टीकडेही लक्ष द्यावे. पेढीवर बसणाऱ्या माणसाला ही शिस्त परकी नाही.

जैन कथापरंपरेलाही थरार कधी वर्ज्य नव्हता. हरिभद्रसूरींच्या ‘समराइच्चकहा’ या प्राकृत ग्रंथात एका उपहासातून जन्मलेले वैर नऊ भवांपर्यंत पाठलाग करते. जंबूकुमारांच्या कथेत विवाहाच्या रात्रीच चोर घरात शिरतो. सारे घर निद्रेत असताना तो वराचे आणि नववधूंचे वैराग्यावरील संभाषण ऐकतो आणि चोरी विसरून दीक्षेच्या मार्गाला लागतो. श्वेतांबर परंपरा या चोराला प्रभव म्हणते आणि दिगंबर परंपरा विद्युच्चोर. दोहोंतही श्रोत्याचा श्वास आधी रोखला जातो आणि बोध त्यामागून येतो. म्हणून घरात कोणती रहस्यकथा यावी याची कसोटी थरार आहे की नाही ही नसावी. हिंसेचे वर्णन लेखक चवीने करतो, की सत्य शोधण्यासाठी त्यातून वाट काढतो, एवढे पाहिले म्हणजे निवड सोपी होते.

या दोन आवडींचा सर्वांत सुंदर संगम मात्र चारशे वर्षांपूर्वीच्या एका जैन व्यापाऱ्याच्या पुस्तकात झाला आहे. जौनपूर येथे १५८६ मध्ये जन्मलेले बनारसीदास हे श्रीमाळ कुळातील जवाहिऱ्याचे पुत्र. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून त्यांनी पंचावन्नाव्या वर्षी, म्हणजे १६४१ मध्ये, आपली अर्धी कथा पद्यात लिहिली आणि तिला ‘अर्धकथानक’ असे नाव दिले. भारतीय भाषांतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. विसाव्या शतकात नाथूराम प्रेमी यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती मुंबईहून निघाली आणि तो ग्रंथ सर्वांच्या हाती आला.

या पुस्तकात थरार पुरेपूर आहे. प्रवासात वाट चुकून बनारसीदास आणि त्यांचे सोबती चोरांच्या गावात जाऊन पोहोचले. प्रसंग ओळखून बनारसीदासांनी एक श्लोक म्हटला. चोरांच्या म्होरक्याने ब्राह्मण समजून नमस्कार केला. रात्रीतून सुताची जानवी करून सर्वांनी गळ्यात घातली, कपाळी टिळे लावले आणि सकाळी त्याच म्होरक्याने त्यांना रस्त्याला लावून दिले. पुढे एका मुक्कामी खोटी नाणी बाळगल्याचा आळ येऊन प्राणांवर बेतले, तेही त्यांनी लिहिले आहे. अकबराच्या मृत्यूची वार्ता ऐकून आपण जिन्यावरून कोसळलो आणि डोके फुटले, हे सांगण्यासही ते संकोचले नाहीत. नऊ मुले झाली आणि एकही जगले नाही, ही आयुष्यातील सर्वांत मोठी हानी त्यांनी तितक्याच सरळपणे मांडली आहे. नफा-नुकसानीचा असा चोख हिशेब स्वतःच्या आयुष्याविषयी मांडणारे लोक विरळा.

वाचनमंडळाच्या दृष्टीने त्यातील आग्र्याचा प्रसंग विशेष मोलाचा आहे. व्यापारासाठी आणलेला माल आणि जवाहीर हातचे गेले, भांडवल संपले, बाजारात तोंड दाखविणे कठीण झाले. अशा दिवसांत बनारसीदास रात्री घरी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या प्रेम आणि साहसाच्या कथा वाचून दाखवू लागले. ऐकण्यास दहा-वीस माणसे जमत. त्यांत एक कचोरीवाला असे. त्याच्याकडून बनारसीदास उधारीवर कचोऱ्या घेऊन खात. एके दिवशी आपल्यापाशी पैसे नाहीत हे त्यांनी त्याला एकांती सांगून टाकले. कचोरीवाल्याने उधारी बंद केली नाही. उलट निश्चिंत राहण्यास सांगितले. कित्येक महिने असेच चालले आणि पुढे दिवस पालटताच बनारसीदासांनी हिशेब चुकता केला. ज्याच्या हाती पुस्तकाखेरीज काही उरले नव्हते, त्याला त्या रात्रीच्या मंडळाने तारले. त्या मंडळात वाचली जात होती ती शास्त्रे नव्हती, उत्कंठा वाढविणाऱ्या कथा होत्या.

ऐकणारे असले म्हणजे सांगणे घडते आणि सांगणे घडले म्हणजे ग्रंथ उरतो. ‘माझा प्रवास’ वैद्यांच्या आग्रहावाचून लिहिला गेला नसता. गागोद्याच्या विनोबांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथही असाच जन्मला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक अशी अठरा प्रवचने त्यांनी सहबंदींसमोर केली. श्रोत्यांत व्यापारी परंपरेतून आलेले जमनालाल बजाज होते आणि सानेगुरुजीही होते. सानेगुरुजींनी ती बोलता बोलता उतरून घेतली, म्हणून ‘गीताप्रवचने’ आज उपलब्ध आहेत. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात सानेगुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. तिची रचनाही अशीच आहे : रात्री मित्र जमतात, श्याम आईची एकेक आठवण सांगतो आणि ऐकणारे ऐकतात.

जैन समाजाला तर विनोबांच्या या स्वभावाचा थेट लाभ झाला. सर्व जैन परंपरांना मान्य होईल असा एक सारग्रंथ असावा, अशी त्यांची इच्छा होती. जिनेंद्र वर्णी यांनी त्यासाठी आगमांतील आणि प्राचीन ग्रंथांतील गाथा निवडल्या. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षात, १९७४ च्या नोव्हेंबरात, दिल्ली येथे निरनिराळ्या संप्रदायांचे मुनी आणि विद्वान यांची संगीती भरली. एकत्र वाचून आणि विचार करून ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ सिद्ध झाला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, ऐन दिवाळीत, महावीर निर्वाणाच्याच दिवशी, अन्न आणि औषधाचा त्याग करून विनोबांनी पवनार येथे देह ठेवला. विंचवाला अभय देणाऱ्या आजोबांच्या नातवाचा शेवट असा झाला.

वाचनमंडळ नव्याने सुरू करणाऱ्या कुटुंबांनी या पुस्तकांचा क्रम थोडा विचारपूर्वक लावावा. पहिल्या बैठकीला अर्नाळकरांची एखादी छोटी रहस्यकथा घ्यावी. ती एकाने मोठ्याने वाचावी आणि शेवटच्या प्रकरणाआधी थांबून गुन्हेगार कोण हे प्रत्येकाने सांगावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीला ‘माझा प्रवास’मधील झाशीचा भाग आणि विहिरीचा प्रसंग घ्यावा. त्यानंतर ‘अर्धकथानक’ आणि शेवटी विनोबांच्या आठवणी. स्त्रियांच्या लेखणीतील स्मरण हवे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ ही दोन पुस्तके जोडून घ्यावीत. प्रत्येक पुस्तकानंतर एकच प्रश्न विचारावा : हे सांगावयास लेखकाला कोणी लावले?

तो प्रश्न वाचनमंडळाला आपोआप घराकडे घेऊन जातो. व्यापारी घरांत जुन्या वह्या लाल कापडात बांधून ठेवलेल्या असतात. रोजमेळ असतो, खतावणी असते. कोणाचे किती येणे आणि कोणाचे किती देणे याची नोंद पैपर्यंत मिळते. पण आजोबा पहिल्यांदा या गावात कसे आले, पहिली उधारी कोणी दिली, महापुराच्या किंवा दंगलीच्या वर्षी दुकान कोणी सांभाळले, एखाद्या कुळाचे कर्ज कोणत्या कारणाने माफ झाले, हे कोणत्याही वहीत नसते. ते आजीच्या स्मरणात असते आणि आजीबरोबर जाते. विष्णुभटांना पंचवीस वर्षांनी का होईना, विचारणारा भेटला. पुष्कळ घरांत तेवढा अवधी मिळत नाही. म्हणून मंडळाची अखेरची बैठक घरातील ज्येष्ठांसाठी राखून ठेवावी. एकाने विचारावे, एकाने त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे आणि नंतर शब्द सुधारण्याचा मोह टाळावा. वैद्यांनी सुधारलेले पोतदारांना पुन्हा मूळपदावर आणावे लागले, एवढे स्मरणात असले म्हणजे पुरे.

गागोद्याच्या त्या घरातील आणखी एक आठवण विनोबांनी सांगितली आहे. घरात एक अंध काका राहत असत. विनोबांची आई रुक्मिणीबाई त्यांची सर्व व्यवस्था प्रेमाने आणि काळजीने पाहत असे. पुढे ते काका वारले. परंतु घरात त्यांचे सुतक पाळले गेले नाही. मुलाला आश्चर्य वाटले आणि त्याने आईला कारण विचारले. तेव्हा आईने सांगितले की ते नात्याचे कोणीच नव्हते. त्यांना कोणी नव्हते म्हणून ते या घरी राहत होते. इतकी वर्षे काका म्हणून ज्यांच्या शेजारी तो वाढला, ते परके होते हे मुलाला त्या दिवशी प्रथम कळले. त्या अन्नाचा आणि त्या सेवेचा हिशेब भावे यांच्या कोणत्याही वहीत मांडलेला नव्हता. मुलाने विचारले आणि आईने सांगितले, म्हणून तो आज वाचावयास मिळतो.